माझे मासे कुठल्या पानावर?

...आणि वर मलाच विचारतात, दर्शनाताई, तिकिटांचा कॅटलॉग कागदाचा बरा की मोबाईलमधला? प्रदर्शनाच्या दारातच गाठलं मला त्या बाईंनी, गळ्यात भिंग, हातात वही, मी चहाचा कप घेऊन उभी. म्हटलं, बाई, हे सोडून काहीही विचारा. ह्या एका प्रश्नापायी मी वीस दिवस माझ्या पोरीशी भांडले, करी रोडच्या एका म्हाताऱ्याशी भांडले, नवऱ्याशी भांडले, म्हणजे त्याच्याशी तशीही भांडतेच, त्याला कॅटलॉग लागत नाही. पण तुम्ही आता खुर्च्या ओढून बसलाच आहात तर सांगते. थोडक्यातच सांगते. मी आपली मच्छी विकणारी बाई, मला कुठे एवढं बोलता येतं?

तर माहीमच्या बाजारात माझी जागा, आधी आईची होती, आता माझी. आणि मी तिकिटं जमवते. हे सांगितलं की पहिल्यांदा लोकांना वाटतं बसची, मग वाटतं निवडणुकीची, आमच्या शेजारणीने तर हळूच विचारलं होतं, कुठल्या पक्षाचं गो? टपालाची तिकिटं हो! त्यातही फक्त माशांची. ज्या तिकिटावर मासा, ते माझं. राजे नको, फुलं नको, विमानं नको. चारशेच्या वर मासे आहेत माझ्याकडे आणि एकाला बर्फ लागत नाही.

हे वेड मला लावलं गुणाजीकाकांनी. काका मूळचे मालवणकडचे, गिरणीत होते, मागावर नाही, ऑफिसात, आलेलं टपाल लावायचं काम. मशिनरी परदेशातून यायची, तिची पत्रं यायची, पत्रांवर तिकिटं यायची, साहेबाने पत्र घ्यायचं आणि काकांनी पाकीट. गिरणी बंद पडली, काकांची पाकिटं तेवढी शिल्लक राहिली. दर रविवारी करी रोडहून माझ्याकडे मासळीला येणार, पिशवी घडी घालून खिशात, आणि वीसेक वर्षांपूर्वी एकदा त्यांनी पाकिटातून एक तिकीट काढून माझ्यासमोर धरलं, म्हणाले, हे पापलेट बघ, कुठल्याशा बेटाचं आहे. मी बघितलं, म्हटलं काका, हे पापलेट नाही, हा हलवा आहे. ते म्हणाले कॅटलॉगमध्ये पापलेट लिहिलंय. मी म्हटलं कॅटलॉगवाल्याने कधी कालवणात घालून बघितलाय का? मागे चार गिऱ्हाईकं ताटकळत उभी आणि आम्ही दोघं अर्धा तास त्या काळ्या माशावरून. शेवटी काकांनी ते तिकीट मलाच देऊन टाकलं. झालं. लागला आजार.

आता हा कॅटलॉग म्हणजे काय, तर जगातल्या तिकिटांची यादी. देश, साल, चित्र आणि प्रत्येक तिकिटाला एक नंबर. पोलिसांकडे गुन्हेगारांचे असतात तसे. तुम्ही घरी बसून नुसती चिकटवत असाल तर नाही लागत. पण ह्या वर्षी मला काय अवदसा आठवली, मी दादरच्या प्रदर्शनात भाग घेतला. सोळा कागदांची एक फ्रेम, प्रत्येक कागदावर तिकिटं, तिकिटाखाली माहिती, आणि माहितीत कॅटलॉगचा नंबर. आणि नियम असा, की सगळे नंबर एकाच कॅटलॉगचे पाहिजेत. ह्याचा एक, त्याचा एक, अशी भेळ चालणार नाही. म्हणजे आधी कॅटलॉग ठरवा. वीस दिवस हातात.

मी बापडीने काकांना विचारलं. काका म्हणाले विचारायचं काय त्यात, माझं पुस्तक आहे. पुस्तक म्हणजे पाच खंड, एकेक खंड जात्याच्या तळीएवढा. ब्राऊन पेपरची कव्हरं, काकांनी स्वतः घातलेली, वापरून वापरून तेलकट झालेली. आणि ते पुस्तक घराबाहेर जात नाही, आपण जायचं. काका पूर्वी चाळीत होते, आता त्याच जागी टॉवर झालाय, एकोणिसावा मजला. मी बाजार आटपून जायची, तर दारातच त्यांची सून सीमा साबण घेऊन उभी. एकदा साबण, मग लिंबू, मग पुन्हा साबण, मग काका मला सुती हातमोजे देणार. तुम्हाला सांगते, डॉक्टर माणसाचं पोट फाडायला एवढी तयारी करत नसेल, एवढी मी बांगड्याचा नंबर बघायला करत होते. आणि एवढं करून बघायचं काय, तर नखाएवढं काळं-पांढरं चित्र. सगळे मासे सारखे. सुरमई म्हणा, रावस म्हणा, चप्पल म्हणा. पुस्तक तीस वर्षांपूर्वीचं. त्यात असे असे देश, जे आता उरलेच नाहीत. देश बुडाला, मासा वर.

पण पान मी उलटायचंच नाही. मी तिकीट कसलं ते सांगायचं, काका पान उलटणार. खंड मांडीवर घेणार, पानांच्या कडेवरून अंगठा फिरवणार, बरोबर एका ठिकाणी उघडणार, ओळीवर बोट ठेवणार आणि सांगणार, लिही, अमुक देश, अमुक साल, निळ्या पाण्यावर मासा, तोंड डावीकडे, नंबर दोनशे अठरा. मी थक्क. म्हटलं ह्याला म्हणतात व्यासंग. मी लिहीत गेले. मी आपली मच्छी विकणारी बाई, व्यासंगापुढे काय बोलणार?

इकडे घरी माझी मुलगी किर्ती. परळला ऑफिसात आहे, दिवसभर कॉम्प्युटर, घरी आली की मोबाईल. ती म्हणाली, आई, तू वेडी आहेस का, एकोणीस मजले चढतेस, अख्खा कॅटलॉग ऑनलाइन मिळतो, रंगीत, दर महिन्याला नवीन भर पडते, आणि तिकिटाचा फोटो काढला की नंबर आपोआप येतो. मी म्हटलं लिफ्ट आहे गं. ती म्हणाली मुद्दा तो नाहीये. तिने मला विचारलंदेखील नाही, वर्षाची वर्गणी भरून मोकळी. माझ्या वाढदिवसाची भेट म्हणे. वाढदिवसाला चार महिने होते.

बरं, आता मोबाईल घ्यायचा हातात. आमचे हात बर्फात, पाण्यात, खवल्यांत. काच ओळखतच नाही बोटाला. अंगठा ठेवून उघडायचा म्हणाल तर तीस वर्षं कोयत्यावर काढलेल्या अंगठ्याला ठसा उरलाय कुठे? आधार कार्डाच्या वेळी तो माणूस माझा अंगठा हातात घेऊन पाच मिनिटं नुसता बघत होता. बाजारात आत रेंज नाही, बाहेर यावं तर मांजरी टोपलीवर. घरी येऊन फोटो काढावा, तर तो विचार करणार, गोल गोल फिरणार, आणि म्हणणार, हे तिकीट ह्या तीनपैकी एक असू शकेल. असू शकेल म्हणजे? मी गिऱ्हाईकाला सांगते का, ताई, ही सुरमई असू शकेल?

आमचे हे, दत्तू, त्यांना ह्या सगळ्यात भारी मजा. त्यांनी एकदा गंमत म्हणून किर्तीचा फोन घेतला आणि ताटातल्या तळलेल्या बोंबलाचा फोटो काढला. फोन गोल गोल फिरला आणि एक नंबर देऊन मोकळा झाला, सालासकट. कुठल्याशा देशाने बर्फावरच्या घसरगाडीचं तिकीट काढलं होतं, ते. दत्तूंनी बोंबील खाल्ला आणि म्हणाले, दुर्मिळ होता गो.

तर असं चाललेलं. दिवसा काकांचं पुस्तक, संध्याकाळी किर्तीचं यंत्र, आणि मधे मी, दोन होड्यांत दोन पाय. आणि मग भांडण पेटलं. झालं काय, त्या ऑनलाइनमध्ये अशी सोय असते, की जुन्या पुस्तकातला नंबर टाकला की ते तिकीट दाखवतं. किर्तीने मी काकांकडून लिहून आणलेले नंबर घेतले, एकेक टाकत गेली. पहिला बरोबर. दुसरा बरोबर. तिसऱ्याला आलं टपालपेटीचं चित्र. पाचव्याला कोणी जनरल. चाळीस नंबरांत अकरा चूक. किर्ती म्हणाली, बघ, म्हणून सांगत होते, पुस्तक रद्दी झालंय. मी दुसऱ्या दिवशी काकांना सांगितलं, तर काकांचा चेहरा लाल. म्हणाले तुझ्या लेकीचं यंत्र थापा मारतंय, छापलेलं अक्षर बदलत नाही, तिथे कोणीही बसून काहीही बदलतं. पुस्तक मिटलं, हातमोजे काढून घेतले माझे. वीस वर्षांत पहिल्यांदा त्या रविवारी काका मासळीला आले नाहीत.

प्रदर्शनाला आठ दिवस. म्हटलं खड्ड्यात गेलं पदक, म्हाताऱ्याला दुखवून काय मिळवायचंय? भरलेल्या खेकड्यांचा डबा घेतला आणि बुधवारी गेले एकोणिसाव्या मजल्यावर. काका आधी बोलेनात. मग डब्याचं झाकण उघडलं तसे बोलायला लागले. म्हणाले, आण, तिसरा खंड आण, पुन्हा एकदा तपासू, तुझ्यासमोर तपासू. मी साबण, लिंबू, साबण केलं, कपाटापाशी गेले. पाचही खंडांना तीच ब्राऊन पेपरची कव्हरं, वरचे आकडे पुसलेले, मी अंदाजाने एक ओढला आणि काकांच्या मांडीवर दिला. काकांनी कडेवरून अंगठा फिरवला, उघडलं, बोट ठेवलं, आणि म्हणाले, हा बघ, निळ्या पाण्यावर मासा, तोंड डावीकडे, दोनशे अठरा, आहे की नाही?

मी वाकून बघितलं. पानभर एका मिशीवाल्या राजाचं डोकं. एकाच राजाचं, ओळीने, वेगवेगळ्या रंगांत. मासा नाही, पाणी नाही. मी चौथा खंड आणला होता.

काका बोट ठेवून वाट बघत होते. राजाच्या नाकावर बोट. आणि नजर माझ्याकडे, म्हणजे माझ्या थोडी बाजूला.

मग मला एकेक आठवायला लागलं. पूर्वी हा माणूस माझ्याकडचा मासा घेताना स्वतः कल्ला उघडून लाली बघायचा, घासाघीस करायचा. दोनेक वर्षं झाली, पिशवी पुढे करायचा आणि म्हणायचा तूच बघून दे. मला वाटायचं विश्वास बसला. मी बाजारात मिरवायचे, एवढा चोखंदळ माणूस, पण माझ्यावर डोळे मिटून विश्वास. डोळे मिटून! आणि तो व्यासंग, ते पाठ म्हणणं... सगळं पुस्तक ह्या माणसाच्या डोक्यात होतं, पंचाहत्तरी उलटल्यावर आकडे जरा इकडचे तिकडे झाले होते, एवढंच. चाळीसमधले एकोणतीस बरोबर सांगितले होते त्यांनी. न बघता. मला स्वतःच्या फोनचा नंबर सांगताना अडखळायला होतं.

मी काय केलं? मी म्हटलं, हो काका, दोनशे अठरा. आणि वहीत लिहिलं.

लिफ्टमधून खाली येईपर्यंत रडू आवरलं, रस्त्यावर नाही आवरलं. घरी येऊन किर्तीला सांगितलं. मला वाटलं ही म्हणेल, तरी मी म्हणत होते. ती नखं खात बसली आणि मग विचारलं, घरी कोणाला माहितीये? मी म्हटलं सीमाला माहीत असतं तर ती मला बोलली असती, ती तर म्हणते बाबा हल्ली चहा सांडतात, ऐकत नाहीत. मग किर्ती म्हणाली, आई, शनिवारी मी येते तुझ्याबरोबर. मी म्हटलं, तू काय सांगणार त्यांना? ती म्हणाली, काही नाही, मी हरायला येते.

आणि पोरगी खरंच तशी आली. घरातला मोठा टॅब घेऊन, पाटाएवढा. काकांच्या समोर बसली आणि म्हणाली, काका, माझ्या ऑनलाइनमध्ये चुका आहेत हे मला पटलंय, पण कुठे आहेत ते मला कळत नाही, मला मासे ओळखता येत नाहीत, तुम्ही काढून द्या. काका गालात हसले. म्हणाले, दाखव. किर्तीने ते बेटाचं तिकीट काढलं, दोन बोटांनी मोठं केलं, आणखी मोठं केलं, इतकं की अख्ख्या काचेवर नुसता मासा, खवला न् खवला, आणि उजेड वाढवला, आणि टॅब त्यांच्या हातात दिला.

काकांनी चष्मा काढला. नाक जवळजवळ काचेला लावलं. डोक्याकडून शेपटीकडे हळूहळू सरकत गेले, जसं आपण झोपलेल्या पोराकडे बघतो तसं. सीमा पदराला हात पुसत दारात येऊन उभी राहिलेली. आणि मग काका मालवणीत बोलले. एरवी माझ्याशी कधी बोलत नाहीत.

"ह्याच्या शेपटेर ठिपको आसा. चाळीस वर्सां झाली, माका कोणी सांगूक नाय."

पुस्तकातल्या चित्रात कुठून दिसणार ठिपका? नखाएवढं चित्र. मग टॅब खाली न ठेवताच त्यांनी विचारलं, "दर्शना, तुला कधी कळलं?"

मी म्हटलं, "बुधवारी. मी तिसऱ्याऐवजी चौथा खंड दिला होता."

"मग दोनशे अठरा लिहिलंस कशाला?"

"तुम्ही सांगत होतात ना, काका."

सीमा पुढे आली, त्यांच्या हातातून टॅब घ्यायला गेली, तर त्यांनी सोडला नाही. तिला म्हणाले, डॉक्टरकडे नेशील का उद्या. एवढंच. ती बिचारी तिथेच खाली बसली. दोन वर्षं तिला वाटत होतं म्हातारा मुद्दाम चहा सांडतो.

डॉक्टर म्हणाले एका डोळ्यात पिकलेला मोतीबिंदू आहे, तो काढता येईल, दुसऱ्या डोळ्याचा पडदा गेलाय, त्याचं काही होणार नाही. लवकर का नाही आलात, म्हणून ओरडलेही. ऑपरेशन पुढच्या महिन्यात ठरलं. पण काकांना तोवर दम कुठे? प्रदर्शनाला तीन दिवस, सोळा कागद, त्यांनी टॅबवर बघून बघून सगळे नंबर मला पुन्हा सांगितले, स्वतःच्याच चुका शोधून काढल्या, आणि प्रत्येक चुकीला किर्तीकडे बघून म्हणायचे, ही तुझ्या यंत्राची नाही, माझी. शेवटी एक कागद उरला, हलव्याचा. ऑनलाइनमध्येही तिथे पापलेटच लिहिलेलं. किर्ती म्हणाली कॅटलॉगमध्ये आहे तेच लिहायला पाहिजे, नियम आहे. काका म्हणाले, दोन्ही कॅटलॉग चूक आहेत, दर्शनाचं बरोबर आहे, लिही हलवा.

लिहिला. आणि परीक्षकांनी नेमके त्याचेच गुण कापले. कांस्यपदक मिळालं, वर एक चिठ्ठी, माशाचं नाव कॅटलॉगशी जुळत नाही. काका फेरविचाराचा अर्ज करायला निघाले होते, मी हाताला धरून घरी आणले. म्हटलं काका, मी आपली मच्छी विकणारी बाई, त्या परीक्षकांना कधी तरी हलवा घ्यायला पाठवा माझ्याकडे, मी पापलेट म्हणून देते आणि मग बघते.

तर मग तुम्ही म्हणाल, चला, प्रश्न सुटला, ऑनलाइन बरं. थांबा. तुम्ही काकांना ओळखत नाही.

ऑपरेशन झालं, एक डोळा लख्ख झाला, आणि त्या एका डोळ्याने ह्या माणसाने जो टॅब धरला तो सोडायचं नाव नाही. किर्तीने टॅब त्यांना देऊनच टाकला, वर्गणीही त्यांच्याच नावावर करून दिली. आता पुस्तकात नसलेली शेकडो माशांची तिकिटं त्यांना सापडलीत आणि प्रत्येक तिकीट सापडलं की मला फोन. कधी? सकाळी साडेदहाला, माझ्याकडे गर्दी असते तेव्हा. मी डाव्या खांद्यात फोन धरून सुरमईच्या तुकड्या करतेय आणि कानात काका, दर्शना, जांभळा मासा सापडलाय, तोंड उजवीकडे. गिऱ्हाईक विचारतं, ताई, कुठल्या बोटीवरचं? मी सांगते, करी रोडच्या. आणि वर मलाच ऐकवतात, तू अजून वहीत लिहितेस का गो, कुठल्या जमान्यात राहतेस?

आणि ते पाच खंड? एक दिवस टॅक्सीतून माझ्या दारात. काकांनी सीमाला सांगितलं, घरात कागद कशाला साठवायचा, जागा अडते, दर्शनाला देऊन टाक. सीमाने त्या जागी वॉशिंग मशीन घेतलं. आमचं घर एवढंसं, खंड गेले पलंगाखाली, दत्तूची बॅडमिंटनची बॅग गेली माळ्यावर, तेव्हापासून दत्तू माझ्याशी तुटक बोलतात. पण दुपारी कधीतरी मी एक खंड काढते. आत काकांनी पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलंय, जागोजागी. हे पाकिटावरून काढलं, साहेब जेवायला गेले होते. हे वाफेवर काढलं, थोडं फाटलं, वाईट वाटलं. हे हिच्यासाठी ठेवलं होतं, तिला फुलाचं हवं होतं. असलं काही ऑनलाइनमध्ये येत नाही हो. रेंज असली तरी.

पण नंबर बघायला ते काय कामाचं? तीस वर्षांपूर्वीचं. मागच्या गुरुवारी मला एक नवीन तिकीट मिळालं, सुंदर ढोमा मासा, लिहून ठेवावं म्हटलं, तर किर्ती ऑफिसात, वर्गणी काकांकडे. लावला फोन. म्हटलं, काका, जरा तुमच्या टॅबवर बघून एक नंबर सांगता का?

तर काका म्हणतात कसे, "आत्ता नको गो, चार्जिंगला लावलाय. तुझ्याकडे पुस्तक आहे ना, त्यात बघ."